मूल व्हेंटिलेटरवर आहे, कॅन्सरही आहे. मग आशा किती?

कॅन्सरचे उपचार चालू असलेल्या मुलाला व्हेंटिलेटर लावायची वेळ आली की घरात हमखास दोन तट पडतात. मामा म्हणतो, जमीन विकू, पण लावा. आजोबा म्हणतात, पोराचे आधीच इतके हाल झालेत, आता मशीनवर टाकून काय मिळवणार? मशीनवर गेलेलं कोणी परत आलंय का? आई दोघांकडेही बघत नाही, ती डॉक्टरांकडे बघते. आणि डॉक्टर म्हणतात, "फिफ्टी-फिफ्टी."

मी नवी मुंबईत मुलांच्या आयसीयूत काम करते आणि हे फिफ्टी-फिफ्टी मला मुळीच पटत नाही. बहुतेक वेळा त्यामागे कसलंही गणित नसतं, अवघड बोलणं टाळायची ती पळवाट असते. खरं तर सांगता येण्यासारखं बरंच असतं. ते एका आकड्यात मावत नाही एवढंच.

सगळा घोळ होतो तो दोन वेगळे प्रश्न एकत्र कालवले जातात म्हणून. या मुलाचा कॅन्सर बरा होण्यासारखा आहे का, हा एक प्रश्न. आज ज्या संकटामुळे ते आयसीयूत आलं त्यातून ते बाहेर पडेल का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर कॅन्सरच्या डॉक्टरांकडे असतं, दुसऱ्याचं आयसीयूच्या. दोघं एका वेळी एका खोलीत बसून आईवडिलांशी बोलले तर अर्धा गोंधळ तिथेच संपतो. तसं होत नसेल तर आईवडिलांनी ते मागून घ्यावं. हे मागणं अजिबात आगाऊपणाचं नाही.

पहिल्या प्रश्नाबद्दल आपल्याकडे अजूनही मोठ्यांच्या कॅन्सरची भीती मुलांना लावली जाते. मुलांचे कॅन्सर वेगळे असतात. त्यातला सगळ्यात जास्त आढळणारा म्हणजे अॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, ज्याला घरोघरी नुसतं 'ब्लड कॅन्सर' म्हणतात. १९६०च्या सुमारास या आजारातून वाचणारी मुलं शंभरात दहाच्या आसपास होती. आज श्रीमंत देशांत ती नव्वदीच्या जवळ पोचली आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दर वर्षी सुमारे ४ लाख मुलांना आणि किशोरांना कॅन्सर होतो. श्रीमंत देशांत त्यातली ८० टक्क्यांहून जास्त बरी होतात आणि गरीब देशांत तीसच्याही खाली. ही दरी कमी करून २०३० पर्यंत जगभरात किमान ६० टक्के मुलं वाचावीत, असं उद्दिष्ट संघटनेने २०१८ मध्ये ठरवलं. या दरीमागे उशिरा निदान आहे, अर्धवट सोडलेले उपचार आहेत, कुपोषण आहे. आणि ज्याबद्दल कमी बोललं जातं असं एक कारण आहे: कॅन्सर बरा होत असतानाच जंतुसंसर्गाने किंवा रक्तस्रावाने मूल जातं. म्हणजे मूळ रोग औषधाला दाद देत होता आणि मूल उपचाराच्या वाटेवर गेलं. अशा मुलांना वाचवणं हेच आमच्या आयसीयूचं काम.

त्यामुळे "कॅन्सरचं मूल आहे, आयसीयूत घेऊन काय उपयोग" हे वाक्य एके काळी डॉक्टरही म्हणत असले तरी आता ते चालत नाही. चाळीसेक वर्षांपूर्वी त्याला थोडा आधार होता. तेव्हा बोन मॅरो ट्रान्सप्लांट (रक्त तयार करणाऱ्या अस्थिमज्जेचं प्रत्यारोपण) झालेलं मूल व्हेंटिलेटरवर गेलं की ते परत येणं अपवाद असायचं. त्या काळातली ती धास्ती आजही वॉर्डांत आणि घरांत टिकून आहे.

मूल इथवर येतं कसं?

बहुतेक वेळा ताप येऊन. किमोची औषधं कॅन्सरच्या पेशींबरोबर अस्थिमज्जेतल्या चांगल्या पेशींनाही दाबतात. पांढऱ्या पेशींमधल्या न्यूट्रोफिल नावाच्या पेशी जंतूंशी लढणारी पहिली फळी. त्या एका मायक्रोलिटर रक्तात ५०० च्या खाली गेल्या की पालक म्हणतात "काउंट डाऊन झालेत". किमोनंतर साधारण दुसऱ्या आठवड्यात हे होतं. तोंडाला आणि आतड्याला आतून फोड आलेले असतात, औषधं द्यायला छातीत पोर्ट किंवा हातात पीआयसीसी लाइन, म्हणजे मोठ्या शिरेत पोचणारी नळी, असते. जंतूंना आत शिरायला इतकी दारं उघडी, आणि राखण करायला कोणी नाही. कित्येकदा हे जंतू बाहेरून आलेलेही नसतात, मुलाच्याच आतड्यातले असतात. म्हणून "आम्ही तर त्याला घराबाहेर काढलंच नव्हतं हो" असं म्हणत रडणाऱ्या आईला मी आधी हेच सांगते, की हे तुमच्या हातून झालेलं नाही.

बाहेरूनही काही येतंच. नवी मुंबईत नजर टाकाल तिकडे टॉवर उभे राहत आहेत. बांधकामाच्या आणि खोदकामाच्या धुळीत अॅस्परजिलस बुरशीचे बीजाणू असतात. तुमच्या-माझ्या फुप्फुसांना त्यांचं काही वाटत नाही, पण काउंट बरेच दिवस खाली असलेल्या मुलाच्या फुप्फुसात ही बुरशी घर करते. ओल आलेल्या भिंतींचंही तेच. पावसाळ्यात डेंगी येतो, तो प्लेटलेट आधीच कमी असलेल्या मुलाला जास्तच महागात पडतो.

अशा मुलाला ताप येतो तेव्हा घड्याळ सुरू झालेलं असतं. थर्मामीटरवर एकदाच १०१ फॅरनहाइट दिसला, किंवा १००.४ तासभर टिकला, की ही इमर्जन्सी. दवाखान्याच्या दारात पोचल्यापासून तासाभरात शिरेतून अँटिबायोटिकचा पहिला डोस जावा, असं जगभर मानलं जातं. आपल्याकडे हा तास कुठे जातो? मुरबाडहून किंवा शहापूरहून निघालेलं कुटुंब आधी गावातल्या डॉक्टरकडे थांबतं, तिथे तापाचं औषध मिळतं, ताप उतरतो, सगळे निर्धास्त होतात. रात्री पुन्हा चढतो. तोवर लोकल बंद झालेल्या असतात, रिक्षावाला इतक्या लांब यायला तयार नसतो, आणि सकाळच्या पहिल्या गाडीने ठाण्याला, तिथून ट्रान्स-हार्बरने नवी मुंबईत पोचेपर्यंत मुलाचे हातपाय थंडगार पडलेले असतात. हा सेप्टिक शॉक. १०८ ची अॅम्ब्युलन्स अशाच वेळेसाठी आहे. तापाच्या गोळीने ताप उतरतो, जंतू उतरत नाहीत. अजून दोन गोष्टी सांगून ठेवते: अशा मुलाचा ताप गुदद्वारातून मोजायचा नाही आणि कमरेत इंजेक्शन द्यायचं नाही. पहिल्याने आतली नाजूक त्वचा फाटून जंतू रक्तात शिरतात, दुसऱ्याने प्लेटलेट कमी असल्यामुळे स्नायूत रक्त साचतं.

तापाशिवायही काही वाटा आहेत. काही कॅन्सर इतके झपाट्याने वाढलेले असतात की पहिल्याच औषधाने लाखो-करोडो पेशी एकदम फुटतात आणि त्यांच्यातलं पोटॅशियम, फॉस्फेट, युरिक अॅसिड रक्तात ओतलं जातं. मूत्रपिंडं तुंबतात, पोटॅशियमने हृदयाचा ठोका बिघडतो. याला ट्यूमर लायसिस म्हणतात. कॅन्सर औषधाला उत्तम दाद देतोय म्हणूनच मूल अत्यवस्थ होतं, असा हा विचित्र प्रसंग. भरपूर सलाईन, युरिक अॅसिड उतरवणारी औषधं आणि गरज पडली तर काही दिवस डायलिसिस, एवढ्यावर मुलं यातून सहसा छान बाहेर येतात. डायलिसिस म्हटलं की घरच्यांना आयुष्यभराचा रोग आठवतो. इथे तसं नसतं.

दुसरी वाट छातीतल्या गाठीची. टी-सेल नावाच्या पांढऱ्या पेशींपासून होणाऱ्या ल्युकेमियात किंवा लिम्फोमात (लसिका ग्रंथींच्या कॅन्सरमध्ये) छातीच्या मधोमध गाठ वाढून श्वासनलिका दाबते. मूल आडवं झोपू शकत नाही, उशांना टेकून किंवा आईच्या खांद्यावर बसून रात्र काढतं. बाहेर कुणीतरी दमा समजून वाफ आणि स्टेरॉइड देत राहतं. स्टेरॉइडने गाठ थोडी वितळते, बरं वाटतं, आणि नेमकं निदानच पुसट होतं. कधी त्यानेच ट्यूमर लायसिस सुरू होतं. अशा मुलाला स्कॅनसाठी झोपेचं इंजेक्शन देऊन उताणं झोपवणं जिवावर बेतू शकतं. मोठ्या मुलाला अचानक 'पहिल्यांदाच' दमा झाला आणि ते आडवं होत नाही, तर आधी छातीचा एक साधा एक्स-रे काढा, एवढंच माझं गावोगावच्या डॉक्टरमित्रांना सांगणं.

मशीन काय करतं आणि काय करत नाही

'लाइफ सपोर्ट' म्हणजे एक यंत्र नव्हे. श्वासासाठी आधी नाकातून जोराचा गरम-दमट ऑक्सिजन, मग घट्ट मास्क लावून दाब, आणि त्यानेही भागलं नाही तर तोंडातून श्वासनलिकेत नळी घालून व्हेंटिलेटर. रक्तदाब टिकवायला अॅड्रिनालिन, नॉरअॅड्रिनालिन यांसारखी औषधं थेंबाथेंबाने. मूत्रपिंडांसाठी डायलिसिस, अत्यवस्थ मुलांमध्ये चोवीस तास संथपणे चालणारं. रक्त, प्लेटलेट. आणि सगळ्याच्या टोकाला एक्मो, ज्यात रक्त शरीराबाहेर काढून त्यात ऑक्सिजन मिसळून परत सोडतात.

यातलं एकही यंत्र आजार बरा करत नाही. आंधळ्या वळणावर रिक्षा बंद पडली की लोक खाली उतरून ती कडेला धरून ठेवतात, तसं आहे हे. इंजिन दुरुस्त व्हायला मेकॅनिक वेगळा लागतो. इथे मेकॅनिक म्हणजे अँटिबायोटिक, बुरशीचं औषध, किमो, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मुलाची स्वतःची अस्थिमज्जा. काउंट परत वर येईपर्यंत आम्ही धरून ठेवतो. म्हणून राउंडला आईवडिलांनी विचारायचा सगळ्यात कामाचा प्रश्न हा: "आपण नेमकी कशाची वाट बघतोय?" न्यूमोनिया उतरण्याची, काउंट येण्याची, गाठ लहान होण्याची, असं ठोस उत्तर असेल तर मशीनला अर्थ आहे. उत्तर धूसर असेल तर मामांनी आणि आजोबांनी दोघांनीही पुन्हा बोलायला हवं.

काउंट येतानाची एक गंमत, किंवा गंमत कसली, धास्तीच म्हणा: पांढऱ्या पेशी परत येतात तेव्हा त्या थेट जखमी फुप्फुसात धावतात आणि एक-दोन दिवस श्वास आधीपेक्षा बिघडतो. फाइलवर काउंट सुधारलेले दिसतात, मूल मात्र जास्त दमतं. हे माहीत नसलेल्या पालकांना वाटतं डॉक्टर खोटं बोलताहेत.

नळी कधी घालायची यावरही घरचे अडून बसतात. "मास्कवर अजून दोन दिवस बघू ना, मॅडम." कळतं मला, नळी आत गेली की मुलाचा आवाज जातो. पण दमून दमून शेवटच्या क्षणी घातलेली नळी ही वेळेवर घातलेल्या नळीपेक्षा कितीतरी धोक्याची. मास्कवर काही तासांत सुधारणा दिसत नसेल तर थांबण्याने सहसा नुकसानच होतं.

आता आकडे. अमेरिकेतल्या मुलांच्या आयसीयूंच्या नोंदींवर आधारित एक मोठा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कॅन्सर असलेल्या मुलांच्या दहा हजारांहून जास्त भरत्या होत्या. आयसीयूतच दगावण्याचं प्रमाण कॅन्सरच्या मुलांत ६.८ टक्के निघालं आणि बाकीच्या मुलांत २.४ टक्के. म्हणजे धोका जवळजवळ तिप्पट, तरीही शंभरातली त्र्याण्णव मुलं आयसीयूतून बाहेर पडली. मग २०१९ मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण आलं, त्यात हाच आकडा २८ टक्क्यांच्या आसपास होता. खोटं कोण? कुणीच नाही. फरक आहे तो कोण मोजलं गेलं याचा. काही आयसीयूंत गाठीचं ऑपरेशन झाल्यावर एका रात्रीच्या देखरेखीसाठी ठेवलेलं मूलही मोजलं जातं. काही ठिकाणी खाटा इतक्या थोड्या की आधीच शॉकमध्ये गेलेलं मूलच आत येतं. दुसऱ्या आयसीयूचा आकडा वाईट दिसणारच, तिथले डॉक्टर कितीही चांगले असोत.

ज्यांना जास्त आधार लागतो त्यांचं प्रमाण अर्थातच वाईट. बोन मॅरो ट्रान्सप्लांटनंतर व्हेंटिलेटर लागलेल्या २२२ मुलांचा अनेक रुग्णालयांनी मिळून केलेला अभ्यास २०१६ मध्ये आला. त्यात सुमारे ६० टक्के मुलं आयसीयूतच दगावली. जड आकडा आहे. पण उलट बाजूने वाचला तर, ज्या प्रसंगात पूर्वी जवळजवळ कुणीच वाचत नसे त्यात दहापैकी चार वाचली. ट्रान्सप्लांटच्या मुलांचं वेगळं का? कारण तिथे जंतूंबरोबर दात्याच्या पेशीही मुलाच्या त्वचेवर, आतड्यावर, यकृतावर चाल करतात, आणि ते थांबवायला दिलेली औषधं प्रतिकारशक्ती आणखी दाबतात. खारघरला टाटा मेमोरियलच्या अॅक्ट्रेक या कॅन्सर केंद्रात ट्रान्सप्लांट युनिट असल्याने आमच्या भागात ही मुलं दिसतात, म्हणून एवढं लिहिलं.

एक्मोबद्दल गेल्या काही वर्षांत पालक आपणहून विचारायला लागलेत, कोविडने तो शब्द घराघरांत नेला. कॅन्सरच्या मुलांत तो लावणं कठीण: रक्त नळ्यांतून फिरताना गोठू नये म्हणून पातळ ठेवावं लागतं, आणि या मुलांचे प्लेटलेट आधीच तळाला. जागतिक नोंदणीतल्या अशा १०७ मुलांचा आढावा २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातली ३५ टक्के घरी गेली. निवडक मुलांसाठी, अनुभवी केंद्रात, कारण तात्पुरतं असेल तर, एवढ्याच अटींवर याचा विचार व्हावा असं माझं मत.

या सगळ्या आकड्यांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. कॅन्सर कुठला, यापेक्षा त्या दिवशी किती अवयव एकाच वेळी कोलमडलेत, हे भविष्य जास्त ठरवतं. फक्त फुप्फुस बिघडलेलं मूल आणि फुप्फुस, हृदय, मूत्रपिंड, यकृत असे चारही बिघडलेलं मूल यांना एकच टक्केवारी लावणं हा शुद्ध अन्याय. आणि कॅन्सर आटोक्यात असताना आलेला न्यूमोनिया वेगळा, तिसऱ्यांदा उलटलेल्या कॅन्सरमध्ये आलेला वेगळा. काउंट पडलेले आहेत म्हणून मात्र हात वर करायचे नाहीत, काउंट येतात.

मग आकडे मदतीला येत नसतील तर ठरवायचं कसं? पॅरिसमधल्या डॉक्टरांनी मोठ्या माणसांच्या बाबतीत एक वाट दाखवली, त्यांचा अभ्यास २००७ मध्ये आला. कॅन्सरच्या रुग्णाला पहिल्या दिवशीच "उपयोग नाही" म्हणून नाकारायचं नाही. काही दिवस सगळे उपचार हात न राखता द्यायचे आणि मग बघायचं. त्यांना असं दिसलं की पहिल्या दिवशीच्या तपासण्यांवरून कोण जगेल हे नीट ओळखता येत नव्हतं, सहाव्या दिवशीच्या तपासण्यांवरून बरंच ओळखता येत होतं. तीन दिवसांच्या पूर्ण उपचारांनंतरही ज्यांना व्हेंटिलेटर, रक्तदाबाची औषधं किंवा डायलिसिस नव्याने सुरू करावं लागलं, त्यांच्यातलं कुणी वाचलं नाही. मुलांचं शरीर वेगळं, त्यांना कधी जास्त दिवस द्यावे लागतात, पण तत्त्व मला फार उपयोगी वाटतं. "आपण पाच दिवस सगळं करू. ऑक्सिजनची गरज कमी होतेय का, लघवी होतेय का, प्रेशरचं औषध उतरतंय का, हे बघू. पाचव्या दिवशी पुन्हा बसू." इतकं स्पष्ट बोललं की मामा आणि आजोबा एका बाजूला येतात, हे मी पाहिलंय. दोघांचंही थोडं थोडं बरोबर असतं.

वॉर्डातच धोका आधी ओळखता आला तर आयसीयूतली निम्मी लढाई हलकी होते. यासाठी पीडियाट्रिक अर्ली वॉर्निंग स्कोअर नावाची पद्धत आहे. सिस्टर दर काही तासांनी मुलाची शुद्ध, रंग, नाडी, श्वास यांना गुण देते. बेरीज ठरावीक आकड्यापलीकडे गेली की डॉक्टरला बोलावणं बंधनकारक. ग्वाटेमाला सिटीतल्या मुलांच्या कॅन्सर रुग्णालयात ही पद्धत आल्यावर वॉर्डात अचानक ढासळणारी मुलं कमी झाली, आणि मग ती लॅटिन अमेरिकेतल्या कितीतरी रुग्णालयांत पसरली. याला महागडं यंत्र लागत नाही, एक तक्ता लागतो आणि सिस्टरचं म्हणणं ऐकणारा डॉक्टर लागतो. दुसरी गोष्ट जास्त दुर्मिळ. आईच्या "आज हा नेहमीसारखा नाही वाटत" या वाक्यालाही अशा काही तक्त्यांत गुण आहेत, आणि ते असायलाच हवेत.

काचेपलीकडून बघणाऱ्यांसाठी थोडं. मुलाचे हात पट्टीने बांधलेले दिसले की आया हादरतात. अर्धवट गुंगीत मूल नळी ओढून काढतं, म्हणून ते करतात. झोपेचं आणि दुखण्याचं औषध चालू असतं. गुंगीतही मुलाला ऐकू येत असू शकतं, तेव्हा हात धुऊन, गाउन घालून जवळ जाऊ दिलं तर गप्प उभं राहू नका, रोजचं बोला. आवडीचं गाणं, शाळेतल्या गमती. "देवा, आता सोडव याला" हे त्याच्या उशाशी नको.

थांबायचं असेल तर

कधी पाच दिवस संपतात आणि सगळे आकडे उलट्या दिशेला गेलेले असतात. कॅन्सरच्या डॉक्टरांकडेही पुढचं औषध नसतं. इथे आपल्याकडे जे घडतं ते फार वाईट घडतं: कुणीच स्पष्ट बोलत नाही, बिल चढत जातं, आणि एका रात्री वडील 'डामा' च्या, म्हणजे स्वतःच्या जबाबदारीवर घरी नेण्याच्या, कागदावर सही करून मुलाला घेऊन निघतात. गाडीत कुणीतरी हाताने श्वास देणारी अम्बू बॅग दाबत असतं, दुखण्याचं औषध थांबलेलं असतं, आणि मूल कुठेतरी सायन-पनवेल रस्त्यावर जातं. डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध, असं त्या कागदावर लिहिलेलं असतं. बऱ्याचदा सल्ला दिलेलाच नसतो.

कायदा याहून बरा रस्ता देतो. केईएममधल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्या खटल्यात ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पहिल्यांदा जगवणारे उपचार थांबवण्याला वाट करून दिली. ९ मार्च २०१८ च्या कॉमन कॉज निकालात, सन्मानाने मरण हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला गेला. त्या निकालातली उपचार थांबवण्याची प्रक्रिया इतकी किचकट होती की ती वापरणं जवळपास अशक्य होतं. २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने ती सोपी केली. आता रुग्णालयात उपचार करणारा डॉक्टर आणि किमान पाच वर्षांचा अनुभव असलेले दोन तज्ज्ञ यांचं एक मंडळ बसतं. त्याचं मत पडताळायला दुसरं मंडळ, ज्यात मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला डॉक्टर असतो. दोघांनी शक्यतो ४८-४८ तासांत मत द्यायचं. जवळच्या नातेवाइकांची संमती लागते, मुलाच्या बाबतीत ते आईवडील. निर्णयाची अंमलबजावणी करण्यापूर्वी न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवायचं असतं, त्यांच्या परवानगीसाठी थांबायचं नसतं.

याला मुलाला मारणं म्हणत नाहीत. मरण लांबवणारं यंत्र थांबतं. दुखणं, धाप, भीती यांच्यावरचे उपचार चालूच राहतात, उलट वाढतात. मॉर्फिनने धाप कमी होते हे अजून कितीतरी डॉक्टरांनाच पचत नाही. घरी न्यायचं असेल तरी ते ठरवून होऊ शकतं: औषधं बरोबर, जवळच्या डॉक्टरला फोन केलेला, पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे त्रास कमी करण्यासाठी झटणाऱ्या, टीमचा नंबर हातात. ही टीम शेवटच्या दिवशी बोलवायची नसते. कॅन्सरचं निदान झाल्यापासूनच ती सोबत असावी, कारण उलट्या, तोंडाचे फोड, झोप न लागणं हेही तिचंच काम.

पैशाचं टाळून चालणार नाही. बुरशीची चांगली औषधं महाग, प्लेटलेट रोज, खासगी आयसीयूचं एका दिवसाचं बिल काहींच्या महिन्याच्या पगाराइतकं. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे आणि कॅन्सरचे उपचार त्यात बसतात. पण रुग्णालय त्या योजनेत आहे का हे भरतीआधी विचारा. भरतीच्या पहिल्याच दिवशी समाजसेवा विभागात जा, बिल फुगल्यावर नको. गावाहून आलेल्या कुटुंबांना राहायची सोय हवी असते, त्यासाठी सेंट ज्यूड इंडियाची केंद्रं आहेत, खारघरमध्येही आहे. काउंट खाली असताना मूल गर्दीच्या लॉजमध्ये राहिलं नाही, तर आयसीयूची वेळ येण्याची शक्यताही तेवढीच कमी.

आयसीयूतून सुटलेल्या मुलाबद्दल कुणी लिहीत नाही, म्हणून शेवटी तेच. नळी निघाल्यावर काही दिवस आवाज घोगरा राहतो. झोपेची औषधं उतरताना मूल चिडतं, थरथरतं, नसलेल्या गोष्टी बघतं. दृष्ट काढायची घाई नको, हे बहुतेकदा काही दिवसांत ओसरतं. पाय इतके अशक्त होतात की चालतं मूल पुन्हा धरून चालायला शिकतं, त्यासाठी फिजिओथेरपी आयसीयूतल्या खाटेवरच सुरू व्हायला हवी. काही मुलं नंतर महिनोन्महिने सिस्टरचा निळा ड्रेस दिसला तरी रडतात. आणि या सगळ्यात थांबलेली किमो वाट बघत असते. ती लवकर सुरू केली तर जखमी फुप्फुस पुन्हा दगा देऊ शकतं, लांबवली तर कॅन्सरला मोकळं रान मिळतं. काउंट, यकृत-मूत्रपिंडाचे रिपोर्ट, ऑक्सिजनशिवाय मूल किती खेळतं, हे बघून डॉक्टर डोस कमी करून सुरुवात करतात किंवा औषधांचा क्रम बदलतात. घरी जाताना फाइलमध्ये आयसीयूचा स्वतंत्र सारांश मागून घ्या: कुठला जंतू सापडला, कुठलं अँटिबायोटिक चाललं, कुठलं चाललं नाही. पुढच्या तापाला रात्री दोन वाजता ड्युटीवरच्या नव्या डॉक्टरला पहिला डोस ठरवायला तोच कागद लागतो.